फितीचे पोट आणि पाठ



डहाणू-तलासरीकडच्या वारली लग्नात धवलेरी गाते आणि घराच्या भिंतीवर चौक लिहिला जातो. तिची गाणी पोथीत नसतात, तिच्या मुखात असतात. अशा गाण्यांची एक जुनी फीत माझ्याकडे आली. यंत्रावर चढवली, तो भिंतीपलीकडे कुणी कुजबुजावे तसा आवाज. शब्द एकही कळेना. आणणारे गृहस्थ म्हणाले, "पुसली गेली, टाकून द्या." पुसली नव्हती. गुंडाळताना कोणी तरी तिला अर्धा पीळ दिला होता आणि ती यंत्राला पाठ दाखवीत होती!

फितीचे पोट म्हणजे लोखंडाच्या गंजाचा थर. आवाज त्यात असतो. पाठ नुसती प्लॅस्टिकची, जाडी सुमारे ०.०३५ मिलिमीटर. एवढ्याने काय बिघडते? सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने ५००० कंपनांच्या आवाजाची एक लाट फितीवर ०.०३८ मिलिमीटरच भरते. म्हणजे यंत्राचे शीर्ष एका लाटेइतके दूर राहिले, की 'स' आणि 'च' गेलेच. उरतो तो घुमा.

चकाकते ती पाठ, मंद दिसते ते पोट, हा जुना ठोकताळा. पण पुढे काळ्या, खरखरीत पाठीच्या फिती निघाल्या. त्यांत तपकिरी, गुळगुळीत बाजू हेच पोट. जर्मन नभोवाणीत तर पोट बाहेर ठेवूनच गुंडाळीत. तेव्हा नखाने खरवडू नका. थोडी वाजवून कानाला विचारा.

आमची फीत उलट पीळ देऊन पुन्हा गुंडाळली, आणि बाई स्वच्छ गाऊ लागल्या. शेवटी तारपाही निघाला.