बिल मी लावलं नव्हतं



सकाळपासून तिसऱ्यांदा कुणीतरी विचारलं, 'तिकडं सगळंच वेगळं असेल ना रे?' सगळंच नाही. मी राहतो त्या पिट्सबर्गमध्ये बर्फ पडला की लोक घरासमोरच्या रस्त्यावरची जागा फावड्यानं मोकळी करतात आणि गाडी घेऊन कामावर जाताना तिथं घरातली जुनी खुर्ची मांडून जातात. सहसा त्या जागेला दुसरं कुणी हात लावत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कराडचा एसटी स्टँड आठवला. खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल! त्यांच्या खुर्चीला जरा जास्त मान आहे, एवढंच.

मला नडला तो फरक 'थँक्यू'चा.

तिथं बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. मुलांचा वाढदिवस झाला की कुणी काय दिलं ते लक्षात ठेवून मुलांनी स्वतःच्या हातानं प्रत्येकाला कार्ड लिहायचं. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी तर थँक्सगिव्हिंगची सुट्टीच, 1941 सालच्या कायद्यानं ठरलेली. मला हे सगळं वरवरचं वाटायचं. आपल्याकडं आभार म्हणजे स्नेहसंमेलनातला शेवटचा कार्यक्रम. तो सुरू झाला की आपण चपला शोधायला लागायचो.

वडील गेले तेव्हा मला येता आलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाई भांडंभर गरम जेवण दारात ठेवून गेल्या. मी भांडं घासून परत दिलं. कार्ड लिहिलं नाही. दुःखात कसली कार्डं? बऱ्याच दिवसांनी कळलं, आपण उगाच मध्ये पडून याला दुखावलं, असं त्या मनाला लावून बसल्या होत्या. मी जाऊन ते निस्तरलं आणि धडा घेतला. लावला मात्र भलत्याच ठिकाणी.

2014 साली आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. रजा मिळून इथं पोचायला मला सहा दिवस लागले. तोवर आपल्याच वर्गातला एक जण रोज रात्री दवाखान्यात बाकावर झोपला. ऑपरेशनच्या कागदावर सही त्यानं केली, रक्ताची बाटली त्यानं धावपळ करून आणली. परत गेल्यावर मी त्याला छान कार्ड पाठवलं, त्यानं काय काय केलं ते एकेक लिहून. आणि बँकेतून पैसे.

पैसे त्यानं आईच्या हातात नेऊन दिले. निरोप होता, 'त्याला सांगा, बिल मी लावलं नव्हतं.'

दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. आईच्या औषधांच्या खेपा मात्र चालूच होत्या.

2016च्या सुट्टीत मी फोन न करता, रिकाम्या हातानं त्याच्या घरी गेलो. चॉकलेटंसुद्धा नेली नाहीत. तो जेवायला बसला होता. माझ्याकडं बघितलं नाही. आत बघून म्हणाला, 'अगं, अजून एक ताट घे.'

तो आज वाढणाऱ्यांत आहे. जेवण निवतंय म्हणून मघापासून दारातून डोळे वटारतोय. आभारप्रदर्शन ज्यांच्याकडं दिलंय त्यांनी ते करावं. पंक्तीत तो जिलेबी घेऊन आला की मी नको नको म्हणणार आणि दोन घेणार.