ओळखीचा डॉक्टर : डॉ. बार्बरा स्टारफील्ड यांचा अभ्यास आणि आपण
(रुग्णालयाच्या देणगीदार व विश्वस्तांच्या वार्षिक मेळाव्यात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)



 सामाजिक वैद्यकशास्त्र शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे एखाद्या अवघड शस्त्रक्रियेची रोमहर्षक कथा माझ्यापाशी नाही. मी आपल्याला एका विदुषीची ओळख करून देणार आहे. मात्र त्याआधी माझ्याच हातून होता होता राहिलेली एक चूक सांगतो.

मी शिकवीत असताना बाह्यरुग्ण विभागात एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांना वारंवार चक्कर येत असे. हातातल्या पिशवीत तीन निरनिराळ्या ठिकाणच्या तीन फाइली होत्या. मी वरवर चाळून मेंदूच्या स्कॅनची चिठ्ठी लिहावयास घेतली. तेवढ्यात बरोबर आलेल्या सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मामांच्या या गोळ्या एकदा बघाल का?" आणि त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्तदाबाचे एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी ते गृहस्थ सकाळी आणि संध्याकाळी घेत होते. तिन्ही ठिकाणची तपासणी आपापल्या परीने योग्यच होती. मात्र तिन्ही फाइली एकत्र वाचणारा माणूस त्यांच्या आयुष्यात कोणी नव्हता. एक पाकीट बंद केले आणि थोड्याच दिवसांत चक्कर थांबली.

हा 'एकत्र वाचणारा माणूस' समाजाला किती आवश्यक आहे, हे मोजून दाखविण्यात डॉ. बार्बरा स्टारफील्ड यांनी आपले आयुष्य वेचले. त्यांचा जन्म १९३२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. १९५९ साली वैद्यकीय पदवी घेऊन त्या बालरोगतज्ज्ञ होण्यासाठी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत दाखल झाल्या. १९६३ साली त्यांनी तेथेच सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळविली आणि त्यानंतर २०११ साली निधन होईपर्यंत त्यांचे कार्य त्याच संस्थेत चालले. तेथील आरोग्य धोरण विभागाचे प्रमुखपद त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळले.

त्या काळी अमेरिकेत प्रतिष्ठा होती ती विशेषज्ञांना आणि मोठ्या रुग्णालयांना. प्राथमिक सेवा म्हणजे सर्दी-खोकल्याची किरकोळ कामे, असा समज वैद्यकीय महाविद्यालयांतही रूढ होता आणि आपल्याकडे तो आजही पुरता गेलेला नाही. डॉ. स्टारफील्ड यांनी या समजाशी भाषणबाजीने वाद घातला नाही. प्राथमिक सेवा चांगली की वाईट हे ठरवावयाचे तर आधी ती म्हणजे नेमके काय हे सांगता आले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी तिची चार लक्षणे निश्चित केली. पहिले, कोणत्याही नव्या दुखण्यासाठी माणसाला सर्वप्रथम जेथे सहज जाता येईल असे ठिकाण. दुसरे, आजार असो वा नसो, वर्षानुवर्षे टिकणारा डॉक्टर आणि माणूस यांचा संबंध. तिसरे, बहुतेक सर्व सामान्य गरजा तेथेच भागविण्याची क्षमता. चौथे, विशेषज्ञांकडे पाठविलेल्या रुग्णाच्या सर्व धाग्यांचा मेळ घालण्याची जबाबदारी.

यांतील दुसऱ्या लक्षणाकडे मी आपले लक्ष विशेष वेधू इच्छितो. मधुमेहाच्या रुग्णाला दर तीन महिन्यांनी मधुमेहासाठी बोलावणे हे सातत्य खरेच, पण ते रोगाशी असलेले सातत्य होय. डॉ. स्टारफील्ड यांना अभिप्रेत होते ते माणसाशी असलेले सातत्य. मधुमेह ज्या माणसाला झाला आहे, त्याची नोकरी गेली आहे का, घरात कोणी आजारी आहे का, त्याला नीट दिसते का, हे ठाऊक असलेला डॉक्टर त्यांना हवा होता. आपल्या मागच्या पिढीला हे नवे नव्हते. गल्लीतले फॅमिली डॉक्टर घरातील तीन पिढ्यांना नावानिशी ओळखत असत. या ओळखीला औषधाइतकेच मोल आहे, हे आपल्या आजीला माहीत होते, पण ते आकड्यांत मांडण्याचे काम कोणीतरी करावयास हवे होते.

ते काम डॉ. स्टारफील्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी रुग्णाच्या मते त्याचा त्रास कोणता आणि डॉक्टरांच्या मते कोणता, हे ताडून पाहिले. ज्या तक्रारींविषयी दोघांचे एकमत होते, त्यांत सुधारणा अधिक झाली. रुग्णाचे ऐकून घेणे हा शिष्टाचार तर आहेच, पण तो उपचाराचाही भाग आहे, हे त्यावरून दिसून आले. पुढे त्यांनी पाश्चात्त्य औद्योगिक देशांची परस्परांशी तुलना केली. ज्या देशांत प्राथमिक सेवेचा पाया भक्कम होता, तेथे सामान्यतः आरोग्य अधिक चांगले आणि खर्च कमी, असे चित्र पुढे आले. लीयू शी आणि जेम्स मॅसिंको यांच्यासमवेत २००५ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी अनेक वर्षांचा पुरावा एकत्र मांडला. अमेरिकेच्या ज्या भागांत लोकसंख्येच्या प्रमाणात प्राथमिक सेवेचे डॉक्टर अधिक, तेथे मृत्युदर कमी आढळला. विशेषज्ञांची संख्या वाढल्याने असा लाभ दिसून आला नाही. गरीब आणि श्रीमंत यांच्या आरोग्यातील अंतरही चांगल्या प्राथमिक सेवेमुळे कमी होते, हे त्यांचे प्रतिपादन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

सत्य अप्रिय असले तरी त्यांनी ते लपविले नाही. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी एक छोटा लेख लिहिला. तेरा देशांच्या तुलनेत, सोळा निकषांच्या सरासरीने, अमेरिकेचा क्रमांक बारावा लागतो, हे त्यात होते. इतरांच्या अभ्यासांतील आकडे एकत्र करून त्यांनी असाही अंदाज मांडला, की औषधांचे दुष्परिणाम, रुग्णालयांत होणारे जंतुसंसर्ग, चुका आणि अनावश्यक शस्त्रक्रिया यांमुळे त्या देशात दरवर्षी सुमारे २,२५,००० मृत्यू होतात. हा अंदाज होता आणि त्यावर वादही झाला. परंतु उपचार वाढले म्हणजे आरोग्य वाढलेच, हे गृहीतक त्यानंतर पूर्वीइतके निर्धास्त राहिले नाही.

हे सारे परदेशातले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध जवळचा आहे. ज्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. स्टारफील्ड शिकवीत होत्या, तेथेच सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला कार्य आरंभिले. गावातील अल्पशिक्षित, निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. १९७८ साली अल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा जामखेडचे काम आठ वर्षांचे झाले होते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हेही त्याच संस्थेत शिकून गडचिरोलीस गेले. त्यांनी ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बाल्टिमोरमध्ये जे आकडेवारीतून सिद्ध होत होते, ते आपल्या दुष्काळी आणि जंगली मुलखात ओळखीच्या हातांनी सिद्ध झाले.

मित्रहो, आता आपल्या रुग्णालयाविषयी. अध्यक्ष महोदयांनी अहवाल सादर करताना दोन गोष्टी सांगितल्या. नव्या स्कॅन यंत्रासाठी निधी उभारावयाचा आहे, ही पहिली. आपल्या दोन बाह्य केंद्रांत डॉक्टर टिकत नाहीत, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर टाळ्या पडल्या आणि दुसरीवर शांतता पसरली. त्या टाळ्यांत मीही सामील होतो, हे प्रांजळपणे सांगतो. यंत्र नको असे सांगण्यासाठी मी आलेलो नाही. ज्याला त्याची खरी गरज आहे, त्याच्यासाठी ते प्राणदायी आहे. पण मी त्या वृद्ध गृहस्थांना जी चिठ्ठी लिहीत होतो, ती याच यंत्राची होती, याचा मला विसर पडत नाही.

यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते. एकाच केंद्रात दहा वर्षे टिकून राहिलेल्या डॉक्टरच्या वेतनावर पाटी लावता येत नाही. न झालेला पक्षाघात, न करावी लागलेली शस्त्रक्रिया यांचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही. म्हणून माझी नम्र विनंती अशी, की यंत्रासाठी जमणाऱ्या निधीचा एक निश्चित हिस्सा विश्वस्तांनी बाह्य केंद्रांतील डॉक्टर व परिचारिका यांच्या दीर्घकालीन वेतनासाठी राखून ठेवावा. पुढील वर्षीच्या अहवालात खाटा आणि शस्त्रक्रिया यांच्या संख्येबरोबर आणखी एक आकडा छापावा. आपल्या केंद्रांत येणाऱ्या रुग्णांपैकी किती जणांना वर्षभर तोच डॉक्टर भेटला? हा आकडा पहिल्या वर्षी लहान असेल. तो छापण्यात कमीपणा मानू नये.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही एक सांगणे आहे. आपल्या घरातील प्रत्येक रुग्णाची एकच फाइल ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे पिशवीत घालून न्या. डॉक्टर घाईत असले तरी संकोच करू नका. पिशवी टेबलावर रिकामी करण्याचा अधिकार आपला आहे. मला त्या सूनबाईंनी जे शिकविले, ते कोणत्याही ग्रंथाने शिकविले नव्हते.