उघड्या खाणी आणि झाकलेले हिशेब
(नाशिक येथील भाषणाचा मजकूर)



नाशिकजवळच्या एकलहरे वीजकेंद्राला विदर्भातील दगडी कोळसा रेल्वेने येत आला आहे. भारतीय कोळशात साधारणतः तीस ते चाळीस टक्के राख असते. म्हणजे वाघिणींतला सुमारे तिसरा हिस्सा राखच राज्य ओलांडून येते. वीज शहरांना, राख गोदाकाठाला आणि खड्डा चंद्रपूर-वणीला, अशी ही वाटणी आहे.

१९७३ साली बिगर-कोकिंग कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले, तेव्हा बहुतांश कोळसा भूमिगत खाणींतून निघत असे. आज कोल इंडियाचा नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींचा आहे. १९७५ साली सुमारे ७९ दशलक्ष टन असलेले तिचे उत्पादन २०२३-२४ मध्ये ७७३ दशलक्ष टनांवर गेले. त्याच काळात एकदा सहा लाखांवर पोहोचलेली कायम कामगारांची संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास उतरली. यंत्राचा हा पराक्रम खोटा नव्हे. १९७५ च्या चासनाला दुर्घटनेत खाणीत पाणी घुसून साडेतीनशेहून अधिक कामगार मेले. ते स्मरणात ठेवून उघड्या खाणीला सरसकट शिव्या देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु वरची माती काढण्याचे आणि कोळसा वाहण्याचे काम मोठ्या प्रमाणावर ठेकेदारांकडे गेले, हे यंत्राने ठरविलेले नाही.

शेतजमिनीची गोष्ट याहून कठोर आहे. १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याने जमीन केंद्र सरकारकडे जाते. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी, असे प्रमाण आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या शेतमजुराला या त्रैराशिकात स्थानच नाही. काळ्या कसदार जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला तोच, आणि मातीचे डोंगर गावाशेजारी उभे राहिले की घर सोडावे लागणाराही तोच!

२०२० पासून खासगी विक्रीसाठीही खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. ताडोबाजवळचा बंदर पट्टा त्याच वर्षी वगळावा लागला, कारण तो वाघांच्या ये-जा करण्याच्या मार्गावर होता. वाघाच्या वाटेचा नकाशा निघू शकतो, तर भूसंपादनापूर्वी गावातील प्रत्येक भूमिहीन कुटुंबाची नोंद का निघू नये? ती नोंद ग्रामसभेत वाचली जावी आणि त्यानंतरच पहिला सुरुंग लागावा, ही मागणी चंद्रपूरच्या कार्यकर्त्यांबरोबर नाशिकच्या वीज कामगारांनीही उचलली पाहिजे.