दुखणाऱ्या गुडघ्याचे म्हणणे

(झाशी येथे इलाइट चौराह्यानजीक झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



आज इलाइट चौराह्यावरून सभागृहाकडे येताना हॉकीच्या काठ्या घेतलेली दोन मुले दिसली. मेजर ध्यानचंद यांच्या या गावात ते दृश्य नवलाचे नाही. 1928, 1932 आणि 1936 अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या या खेळाडूची चिकाटी आपण मुलांना नेहमी सांगतो. मात्र चिकाटीचा धडा देताना मी एकदा चुकले, ते आज सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या खो-खो संघातील आठवीची एक मुलगी गुडघ्याखाली दुखते म्हणून सराव टाळू लागली. ‘खेळाडूने एवढे तरी सोसावे,’ असे मी तिला सुनावले. ती सोसत राहिली. महिन्याभराने जिना उतरताना तिने दोन्ही हातांनी कठडा धरलेला पाहिला आणि मी वरमले.

डॉक्टरांनी दुखण्याचे नाव ऑसगुड-श्लाटर असे सांगितले. अमेरिकेतील ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधील श्लाटर या दोघांनी 1903 मध्ये स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जेथे जोडला जातो, ती जागा वाढत्या वयात कोवळी असते. धावताना, उडी मारताना, खो मिळताच बसल्या जागेवरून झेपावताना तिला वारंवार ओढ बसते. मग सूज येते, टेंगूळ उठते. हाडांची वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचे दुखणे शमते. पण तोवर कित्येक महिने जाऊ शकतात.

उपाय साधे आहेत, पण संयम मागणारे. धावणे व उड्या कमी कराव्यात, खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, मांडीच्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम शिकून घ्यावेत. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला मैदानात उतरवू नये. दुखणे ओसरले की सराव हळूहळू वाढवावा.

मात्र प्रत्येक गुडघेदुखी हीच असते असे नाही. रात्री झोपमोड करणारी वेदना, ताप, लंगडणे, गुडघा अडकणे किंवा नडगीवर एकाच बिंदूशी दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. खुब्याचा विकारही कधी कधी गुडघ्यात दुखतो, हे ध्यानात असू द्यावे.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरली. त्या मोसमात तिने कोणते पारितोषिक मिळवले नाही. पण जिना उतरताना तिला कठडा लागत नव्हता. तेव्हापासून आमच्या शाळेत सरावाआधी शिक्षक प्रत्येक मुलाला विचारतात, ‘कुठे दुखते का?’ आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. हाच प्रश्न आपल्या घरीही विचारला जावा, एवढीच विनंती.