प्रेक्षकांत गेलेला चेंडू कुणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२ एप्रिल २०११ ची रात्र आठवा. वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर श्रीलंकेच्या २७४ धावा आणि ४९ व्या षटकातला दुसरा चेंडू. नुवान कुलसेकरानं तो टाकला, धोनीनं लाँग-ऑनवरून भिरकावला आणि २८ वर्षांनी विश्वचषक पुन्हा आपल्याकडे आला. ज्या बॅटनं तो षटकार बसला, तिचा त्याच वर्षी जुलैत लंडनला लिलाव झाला आणि तिला एक लाख पौंड मिळाले. पण चेंडूचं काय? तो प्रेक्षकांत जाऊन पडला. मैदानात मिठ्या, अश्रू, झेंडे. चेंडू परत मागायची शुद्ध कुणाला होती?

नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, धोनी निवृत्त झाला. तेव्हा तो चेंडू जिथं पडला त्या खुर्चीला त्याचं नाव द्यावं, असा प्रस्ताव मुंबई क्रिकेट असोसिएशनमध्ये मांडला गेला. २०२३ मध्ये त्या जागी छोटंसं विजयस्मारकही झालं. म्हणजे बॅटला पैसे मिळाले आणि खुर्चीला मान मिळाला. तसं हे जुनंच आहे. आपल्या नागपूरचे सी. के. नायडू १९२६ साली बॉम्बे जिमखान्यावर गिलिगनच्या संघाविरुद्ध १५३ धावा करून गेले, त्यात ११ षटकार होते. त्यांना चांदीची बॅट भेट मिळाली. चांदीचा चेंडू कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

तर आजचा प्रश्न एवढाच, की प्रेक्षकांत गेलेला चेंडू कुणाचा? ज्यानं मारला त्याचा, ज्यानं विकत आणला त्याचा, की ज्याच्या हातात पडला त्याचा?

क्रिकेटमध्ये याचं उत्तर आपण न विचारताच देऊन टाकतो. चेंडू गर्दीत येतो, चार हात वर होतात, एखादा तो झेलतो, क्षणभर उंच धरून कॅमेऱ्याला दाखवतो आणि परत फेकतो. एवढ्या हौसेनं हाती आलेली वस्तू माणूस इतक्या सहज का देऊन टाकतो? सज्जनपणा हे त्याचं अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं चेंडूच्या कातड्यात आहे. क्रिकेटचा चेंडू सामन्याबरोबर म्हातारा होतो. सकाळी तो चकचकीत असतो आणि हवेत वळतो. दुपारी त्याची एक बाजू खरखरीत होते, दुसरी खेळाडू पँटला घासून घासून राखतात. शिवण बसते, कातडं मऊ पडतं, मग फिरकी गोलंदाजाचे दिवस येतात. कसोटीत ८० षटकांपर्यंत नवा चेंडू मागता येत नाही, तो याचसाठी. चेंडूचं वय हा डावपेचाचाच एक भाग आहे. तेव्हा चेंडू हरवला तर पंच नवा कोरा काढून देत नाहीत. तेवढाच वापरलेला, तेवढाच झिजलेला चेंडू शोधून द्यावा, असं नियमांचं चौथं कलम सांगतं. त्यासाठी जुन्या चेंडूंची पेटी तयार असते. पण जुळून जुळून किती जुळणार? ज्या गोलंदाजानं तीस षटकं घाम गाळून एक बाजू राखली, त्याला दुसऱ्याचा जुना चेंडू म्हणजे दुसऱ्याचा चष्मा.

म्हणून गर्दीतल्या माणसानं चेंडू खिशात घातला, तर कदाचित तो आपल्याच संघाचं नुकसान करून बसतो. आणि मला यात आणखी एक गोष्ट दिसते. दिवसभर उन्हात बसलेल्या प्रेक्षकाला सामन्यात प्रत्यक्ष करता येण्यासारखं काम एकच असतं, ते म्हणजे चेंडू परत फेकणं. तेवढ्या दोन सेकंदांपुरता तो बारावा गडी असतो.

हे काम किती मोलाचं आहे ते करोनाच्या काळात कळलं. मार्च २०२० मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा सामना प्रेक्षकांविना झाला. षटकार गेला की खेळाडूच कुंपण ओलांडून वर चढायचे आणि रिकाम्या खुर्च्यांखाली वाकून वाकून चेंडू शोधायचे. पुढं २०२१ मध्ये आयपीएलचा उत्तरार्ध अमिरातीत झाला तेव्हा थोडे प्रेक्षक आत सोडले होते. पण त्यांच्यात गेलेला चेंडू पुन्हा खेळात घ्यायचा नाही, पेटीतला दुसरा काढायचा, असा नियम केला गेला. त्या हंगामात प्रेक्षकाच्या हातचं तेवढंही काम गेलं.

आता अमेरिकेत चला. बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ, पण तिथला रिवाज उलटा. प्रेक्षकांत आलेला चेंडू प्रेक्षकाचा! माणसं घरून हातमोजा घालून येतात, चेंडू झेलायला. मात्र ही काही पहिल्यापासूनची उदारता नव्हती. १९२१ साली न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर रूबेन बर्मन नावाच्या प्रेक्षकानं हाती आलेला चेंडू परत द्यायचं नाकारलं. नोकरांनी दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. त्यानं क्लबवर दावा लावला आणि १०० डॉलर भरपाई मिळवली. त्याच सुमारास फिलाडेल्फियात ११ वर्षांच्या एका पोरानं चेंडू ठेवून घेतला म्हणून त्याला रात्रभर कोठडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशानं त्याला सोडून दिलं. हळूहळू क्लबवाल्यांनाच उमगलं, की चेंडूपेक्षा गिऱ्हाईक महाग असतं. शिवाय बेसबॉलला चेंडूच्या म्हातारपणाचं कौतुक नाही. जरा माखला की तो बदलतात, एका सामन्यात कितीतरी लागतात. त्यातले दोन-चार गर्दीनं नेले तर खेळाचं काही अडत नाही.

पण फुकटच्या वस्तूला भाव आला की काय होतं, तेही तिथंच बघावं. ७ ऑक्टोबर २००१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत बॅरी बाँड्सनं हंगामातला ७३ वा होमरन मारला. हा विक्रम होता. चेंडू पोपोव्ह नावाच्या माणसाच्या हातमोज्यात क्षणभर अडकला, तेवढ्यात गर्दी त्याच्यावर कोसळली आणि जमिनीवर घरंगळलेला चेंडू हयाशी नावाच्या दुसऱ्याच माणसाला मिळाला. प्रकरण कोर्टात गेलं. चेंडू हातात किती वेळ राहिला म्हणजे तो आपला, यावर प्राध्यापकांच्या साक्षी झाल्या. डिसेंबर २००२ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला : दोघांचाही हक्क सारखा, चेंडू विका आणि निम्मे निम्मे घ्या. दुसऱ्या वर्षी तो साडेचार लाख डॉलरला गेला. आणि पोपोव्हच्या वकिलाचं बिल त्याच्या वाट्यापेक्षा मोठं निघालं! बांधाच्या भांडणात दोन्ही वावरं विकलेले आपल्याकडचे भाऊबंद आठवले की नाही?

फुटबॉलची गोष्ट या दोघांच्या मधली. एक तर तो चेंडू सत्तर सेंटिमीटर घेराचा. शर्टात लपवला तर माणूस आठ महिन्यांचा गरोदर दिसेल. शिवाय तो क्लबचा मानला जातो आणि आता मोठ्या सामन्यात मैदानाभोवती मुलं अनेक चेंडू तयार घेऊन उभी असतात. म्हणून तिथं चेंडू दाबून ठेवण्यामागं लोभापेक्षा वेळ खाण्याचा डाव जास्त असतो. जानेवारी २०१३ मध्ये स्वान्सीला चेल्सीचा सामना चालू असताना चेंडू आणून देणारा पोरगाच त्याच्यावर आडवा पडला. चेल्सीच्या एडन हझार्डनं पोराच्या अंगाखालच्या चेंडूला लाथ घातली आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. आपल्या कोल्हापुरात तर फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. तिथं पणाला पेठेची इज्जत असते, चेंडू घरी न्यायचं कुणाच्या डोक्यात येणार?

गंमत म्हणजे फुटबॉलचे गाजलेले चेंडू प्रेक्षकांनी नेलेच नाहीत, मैदानातल्या माणसांनी नेले. तीन गोल करणाऱ्यानं सामन्याचा चेंडू घरी न्यायचा, असा रिवाज आहे. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टनं तीन गोल केले, पण चेंडू नेला हरलेल्या जर्मनीच्या हेल्मुट हालरनं, आपल्या मुलासाठी. इंग्लंडला तो परत मिळायला १९९६ साल उजाडलं. मॅराडोनानं १९८६ मध्ये हातानं केलेला तो प्रसिद्ध गोल आठवत असेल. तो चेंडू ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांच्याकडे राहिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये लिलावात सुमारे २० लाख पौंडांना गेला. ज्यांना तो हात दिसला नव्हता, त्यांच्याच हाती चेंडू लागला!

आता हे सगळं बाजूला ठेवून धामणगाव बढेला या. किंवा मोताळा तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, चित्र तेच. पीक निघालेल्या वावरात दगडधोंडे वेचून खेळपट्टी केलेली, वर्गणीतून आणलेले टेनिस बॉल, एक माईक आणि बॅटरीवर चालणारा कर्णा. इथं प्रेक्षकांच्या खुर्च्या नाहीत. चेंडू जातो तो शेजारच्या हरभऱ्यात, नाही तर गावाच्या कडेच्या घरावर. लहानपणापासूनचा कायदाही पाठ : मारेल तो आणेल. क्रिकेटच्या जगन्मान्य नियमांत पूर्वी ‘लॉस्ट बॉल’चं वेगळं कलम होतं. चेंडू सापडला नाही तर फलंदाजाला सहा धावा मिळायच्या. २०१७ च्या संहितेत ते कलम गेलं. आमच्या गल्लीत मात्र उलटा न्याय होता आणि आजही आहे. चेंडू घरात गेला की फलंदाज बाद. कारण आत आजी बसलेली असते.

आजीचा युक्तिवाद कुठल्याही कोर्टात टिकेल. ‘‘बॉल दे ना वं आजी,’’ म्हटलं की ती म्हणते, ‘‘माह्ये कवेलू फोडले, ते कोन भरून देईन?’’ चेंडू तिच्यासाठी आठवण नाही, तारण आहे. हरभऱ्याच्या मालकाचंही तसंच. बॉल शोधायला चार पोरं आत गेली की बॉल एक आणि हरभऱ्याचे डहाळे चार बाहेर येतात. त्यानं चेंडू दाबून ठेवला तर त्याला दोष कसा द्यावा? संयोजकांनी सामने सुरू होण्याआधी त्याला भेटून नुकसानीचं बोलून घेतलेलं बरं, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण मला खरं बोलायचंय ते सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या पोरांबद्दल. आठ-दहा वर्षांची ही पोरं सकाळपासून उभी असतात. त्यांचं नाव कुठल्याच संघात नसतं. चेंडू गेला की माईकवरून पुकारा होतो आणि ती अनवाणी पायांनी काट्यांतून धावतात. संध्याकाळी चषक कप्तानाला मिळतो, सामनावीराला मिक्सर किंवा घड्याळ मिळतं, षटकाराला कुणीतरी रोख बक्षीस लावलेलं असतं. चेंडू आणणाऱ्याला काहीच नाही. आणि एखाद्यानं मोह होऊन चेंडू चड्डीच्या खिशात घातला, तर त्याला चोर ठरवून कानफटात बसते. ज्या पोराच्या घरी चेंडूसाठी पैसे निघत नाहीत, त्याला आपण दिवसभर दुसऱ्यांच्या चेंडूमागं पळवतो आणि मोहाबद्दल तेवढं मारतो. हे काही बरं दिसत नाही.

सामना चालू असताना चेंडू खेळाचा आहे, तो परत आलाच पाहिजे. यात सवलत नको. तोच एक चेंडू असेल तर बावीस जणांचा खेळ थांबतो. पण शेवटची धाव निघाली, स्टंप उपटले, मग तो चेंडू कुणाला हवा असतो? बॅटच्या फटक्यांनी त्याची लव गेलेली असते, तो पुढच्या सामन्याला चालत नाही. तेव्हा अंतिम सामना संपला की माईकवरून जसं सामनावीराचं नाव घेता, तसंच चेंडू आणणाऱ्या पोरांपैकी एकाचं नाव घ्या आणि तो चेंडू त्याच्या हातात द्या. वानखेडेवरच्या त्या षटकाराचं वेगळं काय होतं? तो प्रेक्षकांत पडला त्या क्षणी सामना संपला होता, म्हणून तर कुणी तो मागितला नाही. यासाठी वर्गणी वाढवावी लागत नाही.

आणि जे चेंडू सापडतच नाहीत, त्यांचं पीक वेगळंच. मृगाआधी वखरणी चालू झाली की एखाद्या तासात काळपट, फुगलेला, अर्धा फाटलेला बॉल वर येतो. वावरात काम करणारी बाई तो उचलते, पदराला पुसते आणि शिदोरीच्या फडक्यात बांधून घरी घेऊन जाते. तिला कुणी विचारत नाही, हा कुणाचा म्हणून.