मामांची साइट, कॅफेचं वायफाय आणि २२ नंबरचं दार

आज माझीच एक चूक सांगणार आहे. करायला दोन मिनिटं लागली, निस्तरायला तीन रात्री गेल्या.

माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं पिकवतात. थोडा माल थेट नाशिकमधल्या घरांपर्यंत पोचावा म्हणून मी त्यांना एक साधी वेबसाइट करून दिली होती. भाड्याचा छोटासा सर्व्हर, त्यावर चार पानं आणि ऑर्डरचा फॉर्म. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी कॉलेज रोडला कॅफेत बसलो होतो, तेवढ्यात मामांचा फोन. ‘अरे, पेटीचा भाव बदल ना लगेच, लोक जुन्या भावानं मागायला लागलेत.’ मी लॅपटॉप उघडला, कॅफेचं बिनपासवर्डचं वायफाय जोडलं, फाइलझिलातून साध्या एफटीपीनं सर्व्हरवर गेलो, फाइल बदलली, सेव्ह केली. काम फत्ते!

आठ दिवसांनी पुन्हा फोन. ‘तुझ्या त्या साइटवर जुगाराच्या जाहिराती कशा काय रे आल्या?’

मी सर्व्हरचा लॉग काढला. कुलूप कुणी फोडलंच नव्हतं. अनोळखी आयपी, बरोबर यूजरनेम, बरोबर पासवर्ड, पहिल्याच प्रयत्नात आत. पासवर्ड कॅफेत गेला, की लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवला होता तिथून गेला, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. पण दोन्ही दारं मीच उघडी टाकली होती. आणि त्याच सर्व्हरवर गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर होते. मामांनी एकेकाला फोन करून सांगितलं, ‘आमच्याकडून तुमची माहिती बाहेर गेली असेल, सांभाळून राहा.’ मी शेजारी बसून ऐकत होतो. तेव्हा जे वाटलं, त्यासाठीच हा भाग करतोय.

आता एफटीपीत नेमकं काय वाईट? त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. त्या काळी नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था, म्हणजे सगळी ओळखीची माणसं. म्हणून पासवर्ड उघडाच जायचा. पोस्टकार्डासारखा, वाटेत ज्याच्या हाती पडेल तो वाचणार. पुढे १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपून घेतले, आणि तिथल्याच तातु इलोनेन यांनी उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. आधी दोन कॉम्प्युटरमध्ये एन्क्रिप्टेड वाट तयार होते, मगच पासवर्ड किंवा फाइल तिच्यातून जाते. ही वाट सहसा २२ नंबरच्या पोर्टवर उघडते. याच वाटेनं फाइल नेण्या-आणण्याला एसएफटीपी म्हणतात. नावं सारखी आहेत, पण कारभार पूर्ण वेगळा. क्रोम आणि फायरफॉक्सनं तर २०२१ मध्येच एफटीपीला रामराम ठोकला.

मग करायचं काय? फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये प्रोटोकॉलची यादी असते, तिथे एसएफटीपी निवडा. पहिल्यांदा जोडताना स्क्रीनवर सर्व्हरचा फिंगरप्रिंट येतो आणि विचारलं जातं, विश्वास ठेवायचा का? आपण सगळे डोळे मिटून ‘यस’ करतो. तसं करू नका. होस्टिंगच्या कन्सोलमध्ये तोच फिंगरप्रिंट पाहा, जुळला तरच पुढे जा. आपण खऱ्या सर्व्हरशी बोलतोय की मध्येच बसलेल्या भामट्याशी, हे तिथेच कळतं.

पुढची पायरी, पासवर्डऐवजी की. एसएसएच-कीजेन ही कमांड चालवली की दोन फाइल मिळतात. पब्लिक की सर्व्हरवर टाकायची. प्रायव्हेट की आपल्या लॅपटॉपवरच राहते, तीही पासफ्रेज लावून. मित्राला हवी आहे म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, त्याची वेगळी की बनवायची. कीनं लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावर सर्व्हरवरचं पासवर्ड लॉगिन बंद करा. मात्र हे करताना जुनी खिडकी चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय का ते बघा. नाहीतर आपणच घराबाहेर आणि चावी आत!

आता एडिटिंग. विंडोजवर विनएससीपीत फाइलवर डबल क्लिक केलं की तिची तात्पुरती प्रत तुमच्याकडे येते, सेव्ह केली की परत वर जाते. व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच एक्स्टेन्शन सर्व्हरवरच काम करतं, पण तिथे स्वतःचा एक प्रोग्राम बसवतं, त्यामुळे अगदी छोट्या सर्व्हरला धाप लागू शकते. लिनक्सवाल्यांसाठी एसएसएचएफएस. सर्व्हरचं फोल्डर आपल्याच मशीनवर असल्यासारखं दिसतं. नेट गेलं की ते अडकून बसतं, तेव्हा घाबरू नका.

यातलं काहीही वापरा, पण चालू साइटची फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. एन्क्रिप्शन चोराला अडवतं. तुम्ही विसरलेला सेमीकोलन ते अडवत नाही.

या हंगामात मामांनी भाव चारदा बदलायला लावला. त्यातला एक मी त्याच कॅफेतून, त्याच वायफायवरून बदलला. पण आता वाट एसएसएचची होती आणि चावी माझ्यापाशी.

आज रात्री एकच काम करा. तुमचा साइट मॅनेजर उघडा आणि प्रोटोकॉलसमोर काय लिहिलंय ते वाचा. साधं एफटीपी दिसलं, तर आधी पासवर्ड बदला, मग झोपा. भेटू पुढच्या भागात!