चोरी कथानकाची की वाक्याची?

चेतन भगत यांची ‘वन इंडियन गर्ल’ ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आली. गोल्डमन सॅक्समध्ये नोकरी करणारी राधिका मेहता, गोव्यात ठरलेलं तिचं लग्न आणि ऐन लग्नघरी येऊन थडकलेले दोन जुने प्रियकर, अशी ती गोष्ट. एप्रिल २०१७ मध्ये बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने या कादंबरीच्या विक्रीला तात्पुरती मनाई केली. दाद मागितली होती याच शहरातल्या लेखिका अन्विता बाजपेयी यांनी. ‘लाइफ, ऑड्स अँड एंड्स’ या आपल्या संग्रहातल्या ‘ड्रॉइंग पॅरलल्स’ या कथेतली पात्रं, ठिकाणं आणि भावनांचा ओघ भगत यांनी उचलला, असं त्यांचं म्हणणं. २०१४ साली साहित्य महोत्सवाच्या निमित्ताने भगत बंगळूरला आले, तेव्हा अभिप्रायासाठी संग्रहाची प्रत त्यांच्या हाती दिली होती, असंही त्यांनी सांगितलं. भगत यांनी आरोप साफ नाकारला. कादंबरी सर्वस्वी स्वतःची आहे आणि बाजपेयी यांचं लेखन कधी वाचलेलंच नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

बंगळूरच्या इंदिरानगरात बसून या विषयावर बोलायचं तर सुरुवात याच प्रकरणापासून व्हायला हवी, कारण ते याच गावच्या कोर्टातलं आहे. तात्पुरती मनाई म्हणजे निवाडा नव्हे. दोन्ही बाजूंचा पुरावा तपासला जाईपर्यंत नुकसान वाढू नये, एवढ्यासाठी ती असते. पण लोकप्रिय लेखकावर असा आरोप आला की वाचकांत लगेच दोन तट पडतात. चाहते म्हणतात, प्रसिद्धीसाठी चाललंय. नावडीचे म्हणतात, आम्हाला ठाऊकच होतं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचणारा मात्र शोधावा लागतो, आणि खरं काम त्यानेच करायचं असतं.

हे काम कायद्यानेही वाचकाकडेच सोपवलं आहे. आर. जी. आनंद यांनी १९५३ साली ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिलं. पंजाबी आणि दक्षिणी कुटुंबांतला प्रांतवाद हा त्याचा विषय. १९५६ साली आलेल्या ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाचाही विषय तोच. आनंद न्यायालयात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि १९७८ साली ते हरले. कल्पना, विषय, कथासूत्र, इतिहासातल्या घटना यांवर कोणाची मालकी नसते, असं न्यायालयाने सांगितलं. मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कृती अनुभवलेल्या माणसाच्या मनावर ‘ही त्याची नक्कल आहे’ असा नि:संशय ठसा उमटतो का, ही कसोटी त्या निकालाने घालून दिली.

नक्कल ओळखायची कशी, हे पाहायला २००६ चं काव्या विश्वनाथन प्रकरण फार उपयोगी आहे. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या या तरुणीच्या ओपल मेहता या नायिकेवरच्या कादंबरीचा गाजावाजा मोठा होता. दोन पुस्तकांच्या करारासाठी पाच लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या होत्या. एप्रिलमध्ये विद्यापीठातल्या ‘हार्वर्ड क्रिमसन’ या विद्यार्थी-दैनिकाने तिच्या पुस्तकातले उतारे मेगन मॅकॅफर्टी यांच्या कादंबऱ्यांतल्या उताऱ्यांशेजारी छापले. त्यातली एक जागा बघण्यासारखी आहे. मॅकॅफर्टी यांची नायिका चार मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आणि १७० लहान दुकानं पालथी घालते. ओपल मेहतामध्ये मोठ्या दुकानांचा आकडा चारावरून पाचावर गेला, लहान दुकानं मात्र १७० ची १७० च राहिली. मॉलमध्ये दमलेली मुलगी कुणालाही सुचेल. १७० हा आकडा दोघींना स्वतंत्रपणे सुचणं अवघड. वाचलेलं नकळत डोक्यात राहिलं, असं विश्वनाथन यांचं म्हणणं होतं. प्रकाशकाने त्याच महिन्यात पुस्तक मागे घेतलं.

त्याच वर्षी, त्याच महिन्यात, लंडनच्या उच्च न्यायालयात डॅन ब्राउन यांची बाजू सरस ठरली. ‘द दा विंची कोड’मध्ये आपल्या १९८२ च्या पुस्तकाचा गाभा वापरला, अशी बेजंट आणि ली या लेखकांची तक्रार होती. ब्राउन यांनी ते पुस्तक वाचलं होतं, यात शंका नाही. कादंबरीतल्या ली टीबिंग या पात्राच्या नावात दोघेही आहेत, कारण टीबिंग म्हणजे बेजंट या नावातल्या इंग्रजी अक्षरांचीच उलटापालट. तरीही बेजंट आणि ली हरले. त्यांनी आपलं पुस्तक इतिहास म्हणून मांडलं होतं, आणि इतिहासावरचे तर्क कादंबरीकाराला मोकळे असतात. आपल्याकडे विश्वास पाटील असेच मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ ची. आशुतोष गोवारीकर यांचा त्याच नावाचा चित्रपट या दाव्यानंतरही ६ डिसेंबर २०१९ रोजी ठरल्याप्रमाणे लागला. भाऊसाहेबांची पानिपतची मोहीम सर्वांचीच आहे. कादंबरीकाराने स्वतः रचलेले प्रसंग आणि संवाद तेवढे त्याचे.

मराठी कादंबरीचं घर तर उसनवारीवरच उभं राहिलं, आणि हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’ला रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचा आधार होता. गो. ना. दातारांनी त्याच रेनॉल्ड्सला इतका अस्सल देशी पोशाख चढवला की लंडनच्या गल्ल्या वाचकाला आठवूच नयेत. ना. सी. फडक्यांची पहिली कादंबरी, १९१७ ची ‘अल्ला हो अकबर’, मेरी कॉरेलीच्या ‘टेम्पोरल पॉवर’वर बेतलेली. फडक्यांवर वाङ्मयचौर्याचे आरोप पुढेही होत राहिले. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ मोलिएरपासून निघून एका इंग्रजी नाटकाच्या वाटेने मराठीत आलं, आणि आज ते पुरतं आपलं आहे.

दातारांसारखं रूपांतर करायला मोठं कसब लागतं: नातीगोती, सणवार, बोलण्याची ढब, सगळं नव्याने घडवावं लागतं. दुखतं ते मूळ लेखकाचं नाव न सांगण्यात. ‘अमक्याच्या आधारे’ ही एक ओळ मुखपृष्ठामागच्या पानावर टाकायला शाई किती लागते? ती नसली की वाचक फसतो आणि मूळ लेखक, तो कितीही दूरचा असो, आपल्या हक्काला मुकतो. प्रकाशक आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी लेखकाला हा प्रश्न आधीच विचारायला हवा. पुस्तक गाजल्यावर विचारला, तर तो आरोप होतो.

नवख्या लेखकाची बाजू या सगळ्यात सर्वांत लंगडी असते. मोठ्या लेखकाला पुस्तक भेट दिलं, हे तो सिद्ध कसं करणार? भारतात कॉपीराइट लिहिताक्षणीच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद उभा राहिला की दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातला दाखला कामी येतो. साहित्यकृतीसाठी त्याचं शुल्क ५०० रुपये आहे. ते भरावं, आणि हस्तलिखित कोणालाही द्यायचं तर सोबत तारखेचा ईमेल पाठवावा.